तहानलेलं ठेवायचं झाड

मंगलचं मनगट मोडलं तवा आम्ही गल्लीत सांगितलं, पायरीवरनं पडली. घरात एकमेकांत म्हणायचो, त्या झाडापायी झालं. दोन्ही खोटं. आता माझी सत्तरी जवळ आली, माझं कोण काय वाकडं करणार हाय? तवा खरं काय ते सांगते, ऐका.

मी अक्काताई. बेळगावपास्नं खानापूरच्या अंगाला निघालं की माळावर आमचं गाव. आमचे मालक मारुतीराव जाऊन नऊ वर्सं झाली. लोक अजून म्हणतात, देवमाणूस होता. देवमाणूस म्हणे! ह्या देवमाणसानं आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून चाबकाच्या दांड्यानं माझा उजवा कान फोडला. त्या कानानं आजबी ऐकू येत न्हाय. चाळीस वर्सं मी मार खाल्ला आन् एकदाबी माहेरात सांगितलं न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आईनं शिकवलतं. मी आपली मूठ झाकून बसले.

साईराज माझा एकुलता एक लेक. बेळगावात कंपनीत कामाला, शिफ्टची ड्युटी. त्याला लोंढ्याची मंगल केली. गरीब पोर, कामाला वाघीण, बोलायला कमी. लग्नाला तीन म्हैने झाले न्हाईत तर ह्यानं तिच्यावर हात उचलला. चपाती करपली म्हणून. ती गाल धरून माझ्याकडं आली आन् मी काय म्हटलं ठाऊक हाय? "चालायचंच गं. घरोघरी मातीच्या चुली." तवाच माझी जीभ झडायला पायजे होती. पुढच्या पाच वर्सांत तिनं किती मार खाल्ला, ते तिचं तिला ठाऊक.

तर ते झाड. साईराजला मोबाइल बघून बघून बागेचा नाद लागला. आमच्या दारापुढं नुसता मुरूम, कुसळाशिवाय काय उगवत न्हाय. तो म्हटला, "आये, हितं दगडाची बाग करतो. जी झाडं उन्हात आन् कोरड्यात जगत्यात, तीच लावायची." खाणीवरनं ट्रॉलीभर काळे दगड आणले. ते उतरवून रचायचं काम कुणाचं? मंगलचं. डोक्यावर चुंबळ घेऊन भर उन्हात पोर दगड वाहायली आन् हा खुर्चीवर बसून बोट दाखवायला, "ह्यो तिकडं, त्यो हिकडं." एक दगड तिच्या पायावर पडला, अंगठ्याचं नख उचकटलं. त्यानं आधी दगड फुटला काय ते बघितलं.

दगडांच्या बेचक्यात मुरूम, विटांचा चुरा, वाळू असं कालवून भरलं. कोरफड लावली, निवडुंग लावले, चिनी गुलाब लावला. आन् मधोमध सगळ्यात उंचावर ते अडेनियम. मंगलच्या आधीपास्नं ते घरात होतं, आठ वर्सांचं. बुडाला कळशीएवढा गड्डा फुगलेला, वर बारमाही हिरवीगार पानं. मे म्हैन्यात दुपारी कुत्रं सावली सोडत न्हाय, तवा हे फुलायचं, गुलाबी फुलं, कडंला लाल. बघण्यासारखं होतं, उगंच कशाला न्हाय म्हणू? कामावरनं आला की बूट काढायच्या आधी साईराज त्याच्याकडं जायचा, पानावरची धूळ फडक्यानं पुसायचा. त्या झाडापुढं त्यानं कधी आवाज चढवला न्हाय.

शेजारच्या जयाबाईचं कुत्रं एकदा त्या दगडात उकरायला लागलं. ह्यानं धोंडा घालून त्याचा मागचा पाय मोडला. जयाबाई भांडायला आली तर म्हटला, "कुत्रं बांधून ठेव. पुढच्या बारीला तुझा पाय मोडीन." जयाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी तांदूळ निवडत होते, तशीच निवडत राहिले. कुत्रं चार दिवस केकाटत होतं, मग मेलं.

जानेवारीच्या अखेरीला बेळगावात फुलांचं प्रदर्शन असतंय. साईराजच्या डोक्यात बसलं, अडेनियमला पहिला नंबर आणायचा. दत्तजयंतीला त्यानं जेवताना सांगितलं, "आता हे म्हैनाभर तहानलेलं ठेवायचं. थंडीत बुडाला पाणी गेलं की गड्डा कुजतोय. तहानलं की जीव वाचवायला कळ्या काढतंय, मग फुलं एकदम फुटत्यात." आन् मंगलकडं बघून म्हटला, "एक थेंब जरी घातलास तर हात मोडीन." मला काय म्हटला न्हाय. मी तिथंच बसलते, चांगल्या कानाकडंच होता तो. ऐकलं होतं मी सगळं.

ऐकलं, पण मनात म्हटलं, पोराचं खूळ. झाडाला उपाशी ठेवून कुठं फुलं येत असत्यात व्हय? आमच्यात आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला घालायचं, सूर्याला हात जोडायचे, आन् तळाला उरतं ते शेजारच्या झाडाला घालायचं. दारातलं झाड तहानलेलं ठेवून आपण घास गिळायचा न्हाय, असं माझी सासू सांगायची आन् तिची सासू तिला. आठ-दहा दिवसांत त्या अडेनियमची पानं पिवळी पडून गळायला लागली. मला बघवंना. साईराज पहाटं पहिल्या शिफ्टला गेला की तांब्यातलं उरलेलं मी त्याच्या बुडाला ओतायला लागले. पुढं पुढं त्याच्यासाठी तांब्या जरा जास्तच भरायची. वाटायचं, आता तरतरी येईल, पोरगं खूष होईल आन् त्याला कळायचंबी न्हाय. पंधरा दिवस रोज ओतलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. मी तुळशीला पाणी घालून वळले आन् बघितलं तर तो झाडापाशी उकिडवा बसलता. त्यानं गड्ड्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला, नासक्या बटाट्यात जावा तसा, आन् आतनं घाण वासाचं पाणी आलं. त्यानं अंगठा मुरमात पुसला. मग उठला, फावडं घेतलं, त्याचा दांडा काढला आन् हाक मारली, "मंगे."

ती पीठ लागलेले हात घेऊनच बाहेर आली. "कोण पाणी घातलं?" त्यानं विचारलं. ती पदराला पीठ पुसायला लागली. "कोण घातलं?" पहिला दांडा पाठीवर बसला, दुसरा मांडीवर. ती खाली बसली. त्यानं केसाला धरून तिला दगडापाशी ओढत नेलं. तिचा उजवा हात धरला, काळ्या दगडावर ठेवला, मनगटावर पाय देऊन दाबला. म्हटला, "ह्याच हातानं घातलंस न्हवं?" आन् मग पाय काढून दांडा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. एका कानानं आला तरी चांगला आला.

माझ्या हातात तांब्या होता. साईराजनं माझ्याकडं बघितलं, तांब्याकडंबी बघितलं. मी तवा तोंड उघडायला पायजे होतं. मी काय केलं? घरात गेले, दार लावलं, आतनं कडी घातली. देवापुढं बसले, चांगला कान एका हातानं दाबला आन् दुसऱ्या हातानं घंटी वाजवत राहिले. ती "आत्ती, आत्ती" म्हणून मला हाक मारायली होती. कान दाबला तरी येत होतं ऐकू.

जयाबाई कुंपणापाशी आली तवा मी बाहेर येऊन सांगितलं, "पायरीवरनं पडली." जयाबाई म्हटली, "व्हय, आमचं कुत्रंबी पायरीवरनंच पडलतं." मी तिला म्हटलं, "तुझ्या घरचं बघ जा." एवढा माझा तोरा!

दवाखान्यात मीच घेऊन गेले बेळगावला. डॉक्टरानं विचारलं, तर मंगल आपणहून म्हटली, पडले. प्लास्टर घातलं. येताना बसला लई वेळ होता, आम्ही स्टँडवर बाकड्यावर बसलो. मी तिला चहा आणून दिला, डाव्या हातात. तिनं एक घोट घेतला आन् म्हटली, "मी बघितलं होतं, आत्ती. रोज बघत होते खिडकीतनं."

मी तिच्याकडं वळले. "मग सांगितलं का न्हाईस त्याला?"

"सांगून काय झालं असतं? खोटं बोलतीस, आईवर घालतीस म्हणून आणखी मारलं असतं." कप बाकड्यावर ठेवला आन् म्हटली, "आन् तुम्ही होता की तिथं. मी कशाला सांगू?"

बस आली, आम्ही घरी आलो.

साईराजनं त्या झाडासाठी रजा काढली. झाड उपटून कुजलेलं सुरीनं कापलं, हळद लावली, कोळशाची पूड लावली, सावलीत ठेवलं, पुन्हा उन्हात दगडावर लावलं. रोज सकाळी अंगठा लावून बघायचा. कूज रोज थोडी वर सरकायची. आन् रोज तो मंगलला सांगायचा, अगदी शांतपणे, भाजीला काय आणू विचारावं तसं, "हे मेलं की तुला ह्याच खड्ड्यात घालतो." पहिल्यांदा मला वाटलं, बोलतोय रागात. मग एका संध्याकाळी त्यानं खड्डा खणायला घेतला. पहार घेऊन, मुरूम फोडून, दगडांच्या मागं. मी विचारलं, "हे कशाला रं?" तर म्हटला, "बघ की आता." कंबरेएवढा खणला. मंगल एका हातानं भाकरी थापत होती, पहारीचा घाव पडला की तिचा हात थांबायचा.

मला ठाऊक होतं हा करणार. मी त्याच्या बापाबरोबर नांदलेय, बोलतोय कोण आन् करतोय कोण ते मला डोळ्यातनं कळतंय. खाण तशी माती. झाड जगलं तर पोर जगणार होती आन् झाड तर सडत चाललतं. मी एकदा बोलले असते की, मी घातलं पाणी, तर ती सुटली असती. पण मला भ्या वाटत होतं. हसू नका. ज्यानं चाळीस वर्सं मार खाल्लाय त्याला विचारा, भ्या म्हंजे काय असतंय. तो खाकरला तरी माझे खांदे आपोआप वर यायचे. रात्री ठरवायची, सकाळी सांगते. सकाळी चहा करून द्यायची आन् गप बसायची. असे बारा दिवस मी घालवले.

रविवारी सकाळी झाड पडलं. वारं न्हाय, काय न्हाय, आपलं आपणच कलंडलं आन् दगडावरनं खाली आलं. आत सगळा लगदा. साईराज दात घासत होता. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, कोपऱ्यातली पहार उचलली. मंगल भांड्यांपाशी बसलती. ती पळाली न्हाय. प्लास्टरचा हात फक्त डोक्यावर धरला.

मी मधे गेले. कशी गेले ते मला ठाऊक न्हाय, पाय गेले. "मी घातलं पाणी!" मी वरडले. "पंधरा दिवस रोज घातलं, ह्या हातानं. तिनं थेंब घातला न्हाय. मार, मला मार, मुडद्या!" आन् मी डोळे मिटले, मान आत घेतली, दोन्ही हात कानावर ठेवले. मालकांच्या वेळची सवय, अंग विसरत न्हाय.

घाव पडला न्हाय. डोळे उघडले तर तो माझ्याकडं बघत उभा होता आन् हसायला लागला. "तू व्हय?" म्हटला. "अगं मग आधी सांगायचं न्हाय का? मी उगंच एवढा तरास करून घेतला." पहार भिंतीला टेकवून ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. म्हातारं माणूस, तुला काय कळतंय. दुसरं आणू झाड. सातारकडं एकजण कलमं देतोय."

असू दे! आठ वर्सांचं झाड, बापापेक्षा जपलेलं झाड, ज्याच्यापायी बायकोचं हाड मोडलं आन् खड्डा खणला, ते मी मारलं तर असू दे. मला आधी हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? सुटले असं वाटलं. आन् तेवढ्यात तो मंगलकडं वळला. "आन् तू गं? तुला ठाऊक होतं न्हवं? मग गप का बसलीस? मला येड्यात काढायलीस?" आन् त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती भांड्यांवर पडली. दुसरी लाथ घातली, तिसरी घातली. झाडाचा आता काय संबंध न्हवता. झाडाचा कधीच संबंध न्हवता. चपातीचा न्हवता, मिठाचाबी न्हवता. हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं, थूत माझ्या जिनगानीवर!

बागेतला दगड माझ्या हातात कधी आला सांगता यायचं न्हाय. नारळाएवढा असंल. त्यानं चौथ्या लाथेला पाय उचलला आन् मी दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर दगड घातला, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून. वाटी फुटली. तो निवडुंगावर आडवा पडला आन् लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. "आये! आये, तू मला मारलंस?"

"मारलं," मी म्हटलं. "तुझ्या बापाला मारायला पायजे होतं, तवा जमलं न्हाय. वड्याचं तेल वांग्यावर निघालं तर निघू दे!" आन् मी दुसरा घाव घातला, त्याच गुडघ्यावर. तिसऱ्याला दगड डोक्याच्या वर उचलला होता. त्याचं डोकं खाली होतं, डोळे मिटलेले, दोन्ही हात कानावर. अगदी मी बसायची तसा. मी तसाच दगड धरून उभी राहिले. मारायचं होतं मला. आजबी वाटतंय, मारायला पायजे होतं काय?

गेट वाजलं म्हणून वळले. मंगल चालली होती. पायात चप्पल न्हाय, साडीला राखेचं पाणी, डाव्या हातानं पोट धरलेलं. मला न्हाय, त्याला न्हाय, कुणाला काय बोलली न्हाय. मी दगड टाकला आन् तिच्या मागं निघाले. जयाबाई दारात उभी होती. "ह्याला दवाखान्यात न्यायला माणसं बोलव," मी तिला सांगितलं, "आन् कुणी विचारलं तर पायरीवरनं पडला म्हणू नकोस."

स्टॉपवर मंगल माझ्यापास्नं चार हात लांब उभी राहिली. बसमधे मी तिच्यासाठी जागा धरली, ती पुढं जाऊन दुसऱ्या बाईशेजारी बसली. बेळगावात उतरली, विचारत विचारत पोलीस ठाण्यात गेली. मी मागनं. मनात म्हणत होते, सुनेसाठी पोटच्या पोराचा पाय फोडला मी. आता तरी ती एकदा वळून बघेल. एकदा आत्ती म्हणेल.

ठाण्यात नीलम नावाची पोलीस बाई होती, तरणी, चांगली. तिनं मंगलला पाणी दिलं, खुर्ची दिली. "हेळ्री," कानडीत म्हटली, मग आमचं बोलणं बघून मराठीत म्हटली, "सांगा, बाई." मंगलनं सांगितलं. पाच वर्सं जी तोंड उघडून बोलली न्हाय, ती पाऊण तास बोलली. चपातीपास्नं सुरुवात केली. तारखा, वार, कुठल्या हातानं, कशानं, सगळं तिला पाठ होतं. लिहिता लिहिता त्या पोलीस बाईचा हात थांबायचा.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

"सासू," मंगल म्हटली.

"सासू सुनेच्या बाजूनं आलीय? लई दिवसांनी बघितलं असलं." नीलम हसली. "मग ह्यांचं नाव साक्षीदार म्हणून घालते. ह्यांनी वाचवलंय तुम्हाला."

मी मंगलकडं बघत होते. तिनं प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला आन् पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. डोळ्यात राग न्हवता, काहीच न्हवतं.

"साक्षीदार म्हणून घाला," ती म्हटली. "आन् तक्रारीतबी घाला. नवऱ्याच्या नावाखाली ह्यांचं नाव लिवा. मी हाक मारत होते तवा ह्यांनी दार लावून घेतलं होतं."

पोलीस बाईचं पेन थांबलं. ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली, म्हातारी आता रडंल, पाया पडंल, काहीतरी म्हणंल म्हणून.

"माझ्याकडं काय बघतीस?" मी म्हटलं. "ती सांगती तसं लिव."